काकांचा हिशोब



मी वैद्यकशास्त्राचा अधिकारी पुरुष नव्हे. बारामती एमआयडीसीत फाटकसभा घेता घेता जे वाचले आणि एका चुकीतून जे शिकलो, तेवढेच सांगणार आहे.

आमच्या युनियनचे खजिनदार काका निवृत्तीनंतरही वर्गणीचा हिशोब पाहात. एकदा सकाळी दिलेली रक्कम त्यांनी दुपारी साफ नाकारली. मी चारचौघांत म्हणालो, "काका, तुमच्या हिशोबात खोट आहे." पैसे मागाहून त्यांच्या घरी धान्याच्या डब्यात सापडले. त्यांना अल्झायमरचा रोग जडला होता.

आपल्या दोन्ही कानशिलांच्या आत, खोलवर, घोडामाशाच्या आकाराचा एकेक भाग असतो. त्याला हिपोकॅम्पस म्हणतात. हा मेंदूचा आवक-कारकून समजा. नवी घटना त्याने नोंदवली, तरच ती पुढे दप्तरी राहते. या रोगात झीज बहुधा त्याच्या उंबरठ्यावर सुरू होते आणि लवकरच त्याला गाठते. म्हणून सकाळचे जेवण आठवत नाही. पण १९७२ च्या दुष्काळात फोडलेली खडी आठवते. पुढे झीज मेंदूच्या इतर भागांत पसरली, की शब्द, माणसे आणि वाटाही हरवतात. 'अस्तु' या मराठी चित्रपटातले, हत्तीमागे चालत गेलेले संस्कृत पंडित आपल्यापैकी काहींनी पाहिले असतील.

हाताचे कसब मात्र निराळ्या खात्यात, मुख्यतः मेंदूच्या तळातील गाभ्यांत आणि लहान मेंदूत असते. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन यांच्या हिपोकॅम्पसचा मोठा भाग शस्त्रक्रियेने काढला गेला. पुढे ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांच्याकडून आरशात पाहून रेघा काढण्याचा सराव करून घेतला. दिवसागणिक हात सुधारला. पण आपण हे काल केले होते, हे त्यांना आठवत नसे. आमच्या काकांचीही बोटे लेथवर बिनचूक फिरत.

तेव्हा विसर वाढू लागला, की 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नका; डॉक्टरांना दाखवा. थायरॉइडचा बिघाड, बी-१२ ची उणीव, मनाची खिन्नता यांनीही विसर पडतो आणि तो उपचाराने सुधारू शकतो. अल्झायमर पुरता बरा होत नाही. परंतु रोग्याला खोटारडा न ठरवणे आपल्या हाती आहे.

मी काकांची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी त्यांना ती आठवेना. मग ज्या चौघांदेखत बोललो होतो, त्यांच्यादेखत पुन्हा मागितली. ते अजून विसरलेले नाहीत.