दाराबाहेरचा कॅमेरा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी चार शब्द बोलावे, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा विद्वत्तेचे भाषण माझ्याकडून व्हायचे नाही. गेल्या वर्षी आम्ही दाराबाहेर कॅमेरे बसवले, तेव्हा पुष्कळ जणींनी येऊन चौकशी केली. तीच माहिती आज एकत्र सांगते.

आपले पनवेल जुने. येथील नगरपालिका १८५२ सालची. २०१६ साली तिची महानगरपालिका झाली. पूर्वी ओट्यावर कोणी ना कोणी बसलेले असायचे आणि परका माणूस आळीत शिरला की "कोण पाहिजे हो?" अशी विचारणा व्हायची. आता पुष्कळ वाडे पाडले गेले, त्यांबरोबर ओटेही गेले. आमचे हे तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर जातात. रात्रपाळी असली की घरात सासूबाई आणि मी. अंगणातली पितळी तोटी गेली, मग मुलाची सायकल गेली, तेव्हा कॅमेरे बसवायचे ठरले.

पहिला प्रश्न, तारेचा की बिनतारी? बिनतारी म्हटला तरी त्याला वीज लागतेच, नाहीतर वरचेवर काढून चार्ज करावा लागतो. शिवाय जुन्या जाड भिंतींतून वायफाय नीट पोहोचत नाही. तारेचा कॅमेरा बसवताना त्रास, पण पुढे कटकट कमी. आता अशी एक तार मिळते की वीज आणि चित्र दोन्ही तिच्यातूनच जातात. ती शंभर मीटरपर्यंत चालते. आपल्या घरांना तेवढी पुरून उरते. मात्र तार आतून शुद्ध तांब्याची मागावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, पण लांबवर वीज नीट पोहोचवत नाही.

आपल्याकडचा पाऊस आपण जाणतोच. कॅमेऱ्यावर 'आयपी ६६' किंवा 'आयपी ६७' असा शिक्का पाहावा. पहिला सहा धुळीसाठी. पुढचा आकडा पाण्यासाठी. भिंतीचे भोक बाहेरच्या अंगाला उतरते पाडावे. तार आत शिरण्याआधी थोडी खाली लोंबू द्यावी. कपड्यांच्या दोरीवरचे पाणी जिथे दोरी झोल खाते तिथेच ठिबकते ना, तसे तारेवरचे पाणी खालीच ठिबकते, घरात येत नाही. जोड उघडा ठेवू नये, डबीत बंद करावा.

उंची नऊ-दहा फूट पुरे. फार वर लावला तर चोराची टोपी दिसते, तोंड दिसत नाही. मावळतीच्या उन्हासमोर लावू नये. रात्री कॅमेरा आपल्याला न दिसणारा प्रकाश टाकतो. छज्जा किंवा भिंत अगदी जवळ असली तर सगळे पांढरे दिसते. कॅमेऱ्यापाशी किडे येतात आणि किड्यांमागे कोळी. म्हणून आठवड्याला एकदा केरसुणी फिरवावी.

चित्रे साठवण्याची पेटी दूरदर्शनच्या शेजारी मांडू नये, कुलपाच्या कपाटात ठेवावी; चोराने तीच नेली तर पुरावाही गेला. कपाटाला हवा मात्र हवी, कारण पेटी तापते. वीज जाते म्हणून ती इन्व्हर्टरवर घ्यावी. पेटीतले घड्याळ बरोबर आहे ना, ते पाहावे. आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातकी प्रोग्रॅमने, असे पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि अशीच यंत्रे ताब्यात घेतली आणि त्यांच्या जोरावर अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. घरमालकांना त्याचा पत्ताही नव्हता.

आम्हांला दोन कॅमेरे, पेटी, तार आणि मजुरी मिळून सोळा हजार खर्च आला.

हे झाले यंत्राचे. पण भगिनींनो, खरी गोष्ट पुढेच आहे. बसवणाऱ्या मुलाने कोपऱ्यावर शिडी लावली आणि म्हणाला, "मावशी, इथून सगळं दिसेल." मोबाईलवर पाहिले तर शेजारच्या काकूंची मागची मोरी स्वच्छ दिसत होती. मी त्याला थांबवले, काकूंना बोलावले आणि चित्र दाखवले. त्या म्हणाल्या, "मी तिथे केस धुते गं." कॅमेरा फिरवला, तरी कोपरा राहत होता, तेवढ्या भागावर त्या मुलाने चित्रात काळा पडदा टाकला. तशी सोय यंत्रातच असते. मग काकूंनीच सांगितले, "गल्लीचे तोंड मात्र दिसू दे. मी एकटी असते."

घरातही एक प्रश्न निघाला. आजीवर लक्ष राहील म्हणून माजघरात तिसरा कॅमेरा लावावा, असे मुलाच्या मनात होते. सासूबाई म्हणाल्या, "पदर सरकला तर आता कॅमेऱ्याला विचारून नीट करू का?" मी त्यांची बाजू घेतली. आत कॅमेरा नाही, हे त्याच दिवशी ठरले. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. सासूबाईंनी तो निकाल वाचलेला नाही. पण बोलल्या तेच.

आणखी एक. चित्र आधी ह्यांच्या आणि मुलाच्या मोबाईलवर आले. मी म्हटले, "दिवसभर घरात मी, बेल वाजली की दार उघडणार मी, आणि बाहेर कोण आहे ते तळोज्यात दिसणार?" मग माझ्याही मोबाईलवर घेतले. पासवर्ड माझ्या वहीत आहे.

घरासाठी असा कॅमेरा मुळात एका बाईनेच योजला. न्यूयॉर्कमधील मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन ही परिचारिका. नवरा-बायकोच्या कामाच्या वेळा अवेळी. ती कित्येकदा घरी एकटी. पोलीस लवकर येत नसत. तिने व तिच्या पतीने १९६६ साली अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी त्यांना पेटंट मिळाले. दाराला चार भोके, त्यांवर वरखाली सरकणारा कॅमेरा, आणि चित्र आतल्या खोलीत. आतल्या बाईला बाहेरचे दिसावे, हा त्यातला हेतू. बाहेरच्यांना आतली बाई दिसावी, हा नव्हे.

कॅमेरा चोराला धरत नाही. तो साक्ष देतो. अडचणीला ११२ हा नंबर आणि शेजारीण, दोन्ही लागतातच. म्हणून माझी मंडळाला विनंती आहे की एक दुपार यासाठी ठेवावी. ज्यांच्या घरी कॅमेरा आहे त्यांनी मोबाईल घेऊन यावे; चित्र कसे पाहायचे आणि पासवर्ड कसा बदलायचा, ते मी शिकवीन. आपल्या कॅमेऱ्यात कोणाचे अंगण येते, तेही तेव्हाच एकमेकींना दाखवू.