हिवाळ्यात छोट्या ट्रॅक्टरची निगा

(औजार बँकांचे चालक, ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी, चांदवड या द्राक्षपट्ट्यात डिसेंबर-जानेवारीचे दिवस बागाईतदाराच्या वर्षभराच्या कष्टांची कसोटी पाहणारे असतात. ऑक्टोबरमधील फळछाटणीनंतर घडांत मणी भरत असतात आणि नेमक्या याच काळात निफाड परिसरातील पारा काही हिवाळ्यांत पाच अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. वेलीभोवतीची हवा उबदार राहावी म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. त्यातच अवकाळी पावसाची एखादी सर येऊन गेली अथवा ढगाळ हवा टिकून राहिली, की केवडा व भुरी या रोगांना अटकाव करणाऱ्या फवारणीस विलंब चालत नाही.

फवारणीचे हे काम आता बव्हंशी १५ ते २५ अश्वशक्तीच्या छोट्या डिझेल ट्रॅक्टरवर सोपविलेले असते. वेलींच्या दोन ओळींमधून आणि मांडवाखालून तो सहज जातो. औषध मोजून तयार आहे, वारा शांत आहे आणि ट्रॅक्टर मात्र सुरू होत नाही, अशी सकाळ पुष्कळ गावांच्या परिचयाची आहे. हुकलेली एक फवारणी पुढे घडावर दिसते आणि त्यानंतर कर्जाच्या हप्त्यातही दिसते.

अशा वेळी थंडीला बोल लावला जातो. वस्तुतः महाराष्ट्रातील थंडी सुस्थितीतील इंजिनाला अडविण्याइतकी कडक नसते. उन्हाळ्यात झाकून राहिलेले दोष ती उघडे पाडते, एवढेच. सकाळी अडणारा ट्रॅक्टर बहुधा आदल्या संध्याकाळच्या दुर्लक्षामुळे अडलेला असतो. हे एक सूत्र चालकाच्या मनात ठसले, तर निम्मा प्रश्न सुटला असे समजावे.

थंडीत इंजिन का अडते?

रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये यशस्वी करून दाखविलेल्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते बाविसाव्या भागापर्यंत दाबली जाते. या दाबामुळे हवा इतकी तापते, की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाची नळी खालच्या टोकाला गरम होते, हा अनुभव शाळकरी मुलांनाही असतो. तेच तत्त्व येथे मोठ्या प्रमाणावर कामी येते.

याचा अर्थ असा, की डिझेल इंजिन सुरू होणे सर्वस्वी उष्णतेवर अवलंबून आहे. थंडीत सिलिंडरच्या गार भिंती ही उष्णता शोषून घेतात. त्यात इंजिन सावकाश फिरले, तर दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांजवळून निसटते व उष्णता आणखी घटते. इंजिन सावकाश फिरण्याची कारणे दोन. थंडीत इंजिन ऑइल दाट होते आणि त्याच वेळी बॅटरीची शक्तीही कमी होते. शिशाच्या बॅटरीची क्षमता २५ अंशांना जेवढी असते, तिच्या साधारण चार-पंचमांश एवढीच शून्य अंशाला उरते. काम वाढते आणि बळ घटते, अशी ही दुहेरी अडचण आहे.

बॅटरी, ऑइल आणि डिझेल

बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर विश्रांतीनंतर तिचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट आणि हायड्रोमीटरवर आम्लाची घनता १.२६ ते १.२८ एवढी आढळते. दाब १२.४ व्होल्टच्या खाली गेल्यास ती चार्ज करून घ्यावी. टर्मिनलवर साचणारा पांढरा-हिरवट थर विजेच्या प्रवाहास अडथळा करतो. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून तो धुवावा, पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये, टर्मिनल घट्ट आवळून त्यावर व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. इंजिनाच्या सांगाड्याला जोडलेली अर्थची तारही तितक्याच काळजीने पाहावी. नवी बॅटरी घेऊनही सेल्फ न फिरण्याचे कारण पुष्कळदा ही एक सैल तार असते.

ऑइलच्या डब्यावरील ‘१५ डब्ल्यू-४०’ या आकड्यांतील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे निदर्शक आहे. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते ऑइल थंडीत अधिक प्रवाही राहते. उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच ऑइल वापरावे आणि ते ठरलेल्या तासांनी बदलावे. काजळीने काळे व दाट झालेले जुने ऑइल थंडीत स्टार्टरवरील भार वाढविते.

डिझेलविषयीची एक गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही. डिझेलमध्ये मेणासारखे घटक असतात व थंडीत त्यांचे कण बनून ते फिल्टरमध्ये अडकतात. म्हणूनच भारतीय मानकाने डिझेलच्या प्रवाहबिंदूची मर्यादा हिवाळ्यासाठी ३ अंश आणि उन्हाळ्यासाठी १५ अंश अशी वेगवेगळी ठेवली आहे. मे महिन्यात पिंपात साठविलेले डिझेल जानेवारीच्या पहाटे वापरणे त्यामुळे श्रेयस्कर नाही. हिवाळ्यात ताजे डिझेल, लागेल तेवढेच आणावे. लडाखसारख्या प्रदेशासाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उपलब्ध करून दिले. महाराष्ट्राच्या मैदानी भागात त्याची आवश्यकता नाही. त्याचप्रमाणे डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचेही काही कारण नाही. डिझेलमुळे पंप व नोझलला जे वंगण मिळते, ते रॉकेलमुळे कमी होते आणि ही भेसळ कायद्यालाही मंजूर नाही.

संध्याकाळची दहा मिनिटे

काम संपल्यावर इंजिन गरम असते, तीच निगा राखण्याची खरी वेळ होय.

पहिले काम टाकी भरण्याचे. अर्धी रिकामी टाकी रात्री गार झाली, की आतल्या हवेतील बाष्पाचे पाणी होऊन तळाशी उतरते. गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात, तसाच हा प्रकार आहे. हे पाणी पंप व नोझल गंजविते. म्हणून टाकी संध्याकाळीच भरावी आणि फिल्टरखालचा स्क्रू सैल करून साचलेले पाणी नियमितपणे काढून टाकावे.

दुसरे काम रेडिएटरचे. विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने आत थर चढतो. त्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर व कुलंट यांचे पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणातील मिश्रण भरल्यास गोठणे व गंजणे या दोहोंपासून संरक्षण मिळते. इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. तिच्यामुळे हिवाळ्यात इंजिन दिवसभर गारच चालते, न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते व लायनर-रिंगा लवकर झिजतात. तापण्याचे मूळ कारण शोधावे. थर्मोस्टॅट जागेवर राहू द्यावा.

तिसरे काम निवाऱ्याचे. ट्रॅक्टर दवात उभा न करता पत्र्याखाली लावावा व बॉनेटवर जाड गोणपाट टाकावे. सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी ते आठवणीने काढावे. या साऱ्याला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

सकाळी सुरू करताना

प्रथम ऑइल व पाण्याची पातळी पाहावी. गिअर न्यूट्रलमध्ये आणि पीटीओ बंद असल्याची खात्री करून चालकाने आसनावर बसावे. क्लच पूर्ण दाबावा. त्यामुळे गिअरबॉक्समधील दाट ऑइल घुसळण्याचे काम स्टार्टरवर पडत नाही. हाताचा ॲक्सिलरेटर एक-तृतीयांश ते निम्मा पुढे करावा. ग्लो प्लग असलेल्या इंजिनात ते पुस्तिकेत सांगितलेला वेळ तापू द्यावेत. एक सिलिंडरच्या काही इंजिनांना दाब सोडण्याची तरफ असते. ती उचलून इंजिनाला वेग आला, की सोडावी.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये. दोन प्रयत्नांच्या मध्ये किमान अर्धा ते एक मिनिट विश्रांती द्यावी, म्हणजे बॅटरी सावरते व स्टार्टर जळत नाही. तीन प्रयत्नांनंतरही इंजिन सुरू झाले नाही, तर सेल्फ मारीत राहण्यापेक्षा कारण शोधावे. ते शोधण्यास तीन खुणा पुरतात.

इंजिन रडतरखडत फिरत असेल, तर दोष बॅटरी, टर्मिनल अथवा दाट ऑइलचा आहे. ते वेगाने फिरते पण धूर मुळीच येत नाही, तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचत नाही. इंजिन बंद करण्याची तरफ ओढलेली राहिली आहे काय, नळीत एअर धरली आहे काय, फिल्टर तुंबला आहे काय, हे पाहावे. ते वेगाने फिरते व पांढरा धूर येतो, तर डिझेल पोहोचते पण पेटण्याइतकी उष्णता नाही. अशा वेळी ग्लो प्लग, नोझल व रिंगांकडे लक्ष द्यावे. फिल्टरमध्ये मेण धरल्याची शंका आल्यास त्याभोवती कोमट पाण्यात पिळलेले फडके गुंडाळावे. इंधन पंपावर उकळते पाणी कदापि ओतू नये; आतील अत्यंत नेमक्या मापाचे भाग कमी-जास्त प्रसरण पावून अडकतात.

इंजिन सुरू होताच ते रेस करू नये. ऑइल सर्वत्र पोहोचण्यास काही क्षण लागतात. मध्यम वेगावर तीन ते पाच मिनिटे चालवून हायड्रॉलिक लिफ्ट दोन-तीनदा वर-खाली करावी व हलक्या कामाने आरंभ करावा. अर्धा तास रिकामे चालू ठेवणेही हितावह नाही. भाराखाली इंजिन लवकर तापते.

जिवावर बेतणाऱ्या सवयी

सकाळच्या घाईत काही घातक उपाय योजले जातात. चाकांच्या मध्ये जमिनीवर उभे राहून स्क्रूड्रायव्हरने स्टार्टरची टोके जोडणे हा त्यांतील सर्वांत भयंकर. गिअर पडलेला असेल, तर ट्रॅक्टर सुरू होताक्षणी त्या माणसाच्या अंगावरूनच पुढे जातो. ही सवय गावोगावी कसोशीने मोडली पाहिजे. ऑइल चेंबरखाली शेकोटी पेटविल्यास गळक्या डिझेलला आग लागू शकते. हवेच्या नळीशी पेट्रोलचा बोळा अथवा ईथर धरल्यास तापलेल्या ग्लो प्लगमुळे स्फोट होतो. ट्रॅक्टर उतारावर लावून ढकलण्याची प्रथाही तशीच. फवारणी यंत्राच्या टाकीचा भार मागे असताना तो आवरत नाही. बंद खोलीत इंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू साचतो. म्हणून दारे आधी उघडावीत. चार्ज होत असलेल्या बॅटरीजवळ काडी ओढू नये, तिच्यातून हायड्रोजन बाहेर पडत असतो.

गावाचे कार्य

या सर्व गोष्टी चालकाला पुस्तिकेत सापडतात, परंतु पुस्तिका बहुधा कपाटात असते. ग्रामपंचायतीने अथवा औजार बँकेने संध्याकाळची कामे, सकाळचा क्रम व तीन खुणा असा एक तक्ता मोठ्या अक्षरांत लिहून शेडमध्ये लावावा. औजार बँकेचा ट्रॅक्टर अनेक हातांतून जातो. त्याची तासांची नोंदवही, ऑइल बदलल्याची तारीख व बॅटरीची मोजणी यांची जबाबदारी एकाच व्यक्तीवर असावी. हिवाळ्यापूर्वी, दिवाळीच्या सुमारास, जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या अथवा कृषी विज्ञान केंद्राच्या साहाय्याने एक दिवसाची तपासणी ठेवल्यास नोझल, टॅपेट व बॅटरीचे दोष आधीच सापडतील. निकामी बॅटरी भंगारवाल्याकडे फोडण्यास न देता नियमांनुसार विक्रेत्याकडे परत जाईल, हेही पंचायतीने पाहावे. शिसे व आम्ल गावच्या मातीत मुरता कामा नये.

शिक्षकांना तर येथे एक तयार प्रयोगशाळाच लाभते. दाबाने हवा तापणे, बाष्पाचे पाणी होणे, थंडीत तेल दाट होणे हे पाठ्यपुस्तकातील धडे वडिलांच्या ट्रॅक्टरवर दाखविता येतात. ज्या मुलाला पांढऱ्या धुराचा अर्थ उमगला, तो उद्या ट्रॅक्टर उतारावर ढकलणार नाही. आणि ज्या घरात संध्याकाळी टाकी भरून ठेवली जाते, त्या घरची फवारणी थंडीसाठी खोळंबणार नाही.