लॅपटॉप आधी की शिक्षक आधी?

(वरसे येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



गेले वर्षभर आपल्या पालकवर्गात एक मागणी वरचेवर कानी येते. 'संस्थेने निधी उभारावा, आखातातील आपल्या बांधवांनी हातभार लावावा आणि प्रत्येक मुलाला एकेक लॅपटॉप द्यावा.' मागणीमागची तळमळ खरी आहे. कोरोनामुळे २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्या घरात एकच मोबाईल होता, त्या घरात तो कोणाच्या हाती गेला हे आपण सारे जाणतो. बहुधा भावाच्या, बहीण वाट पाहत राहिली. म्हणून या मागणीला हसण्यावारी नेणे योग्य नाही. पण पैसा खर्च करण्यापूर्वी हिशेब मांडला पाहिजे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

हा प्रश्न नवा नाही. २००५ साली निकोलस निग्रोपाँटी या अमेरिकन प्राध्यापकांनी गरीब देशांतील प्रत्येक मुलाला शंभर डॉलरचा, म्हणजे त्या वेळच्या सुमारे ४,४०० रुपयांचा लॅपटॉप देण्याची कल्पना जगापुढे ठेवली. २००६ साली आपल्या केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ती नाकारली. वर्गखोल्या आणि शिक्षक यांची गरज अधिक तातडीची आहे, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. पुढे यंत्र तयार झाले तेव्हा त्याची किंमत शंभर डॉलर राहिली नाही. २००७ मध्ये ती १८८ डॉलरच्या घरात गेली.

आणि गंमत पाहा, सरकारने नकार दिल्यावर या योजनेचा भारतातील पहिला प्रयोग झाला तो आपल्याच रायगड जिल्ह्यात! कर्जत तालुक्यातील खैराट या लहानशा गावी २००७ साली हे लॅपटॉप आले. पहिली ते चौथीचे वर्ग एकाच खोलीत, शिक्षक एक आणि मुले बावीस. कॅमेरा असलेले ते यंत्र हाती आल्यावर मुले लिहू लागली, चित्रे काढू लागली, छायाचित्रे घेऊ लागली. पण एक गोष्ट विसरू नका. यंत्रे आली तेव्हा त्यांच्याबरोबर जाणकार माणूसही आला आणि शिक्षकाबरोबर बसून धड्यांची आखणी केली गेली. मुलांपुढे नुसते खोके आणून ठेवले नव्हते.

जेथे हे झाले नाही तेथे काय घडले? दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप घेतले. ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी करून २०१२ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात गणित आणि भाषा या विषयांत मुलांची प्रगती वाढलेली दिसली नाही. तर्कबुद्धीच्या चाचण्यांत थोडा फायदा दिसला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्याच खंडातील उरुग्वे या छोट्या देशाने २००७ पासून दोन-अडीच वर्षांत सरकारी प्राथमिक शाळेतील प्रत्येक मुलाला लॅपटॉप दिला. तेथेही नुसत्या यंत्राने गणित सुधारले नाही. मग २०१२ पासून त्यांनी दूरच्या इंग्रजी शिक्षकाला पडद्यावरून वर्गात आणले आणि वर्गशिक्षकाला त्याच्या जोडीला उभे केले. म्हणजे फिरून गाडी शिक्षकापाशीच आली.

आता आपला हिशेब. धरून चाला की विद्यार्थी २०० आहेत आणि एका लॅपटॉपला २५,००० रुपये पडतात. एकूण ५० लाख रुपये झाले. पाच वर्षांत ती यंत्रे जुनी होतील. मग पुन्हा ५० लाख कोठून आणणार? त्याऐवजी शाळेत ३० यंत्रांची एक खोली केली तर साडेसात लाख लागतात. २०० मुलांच्या सात तुकड्या पाडल्या आणि प्रत्येक तुकडीला आठवड्यास पाच तासिका दिल्या, तरी ३५ तासिकाच होतात. आठवड्याच्या वेळापत्रकात त्या सहज बसतात. उरलेल्या पैशातून एक चांगला संगणक-शिक्षक नेमता येईल, इतर शिक्षकांना प्रशिक्षण देता येईल आणि दुरुस्तीसाठी दरवर्षी रक्कम बाजूला काढता येईल.

आपल्या कोकणच्या पावसाचाही विचार हवा. जून ते सप्टेंबर वीज केव्हा जाईल याचा नेम नाही आणि दमट हवेत न वापरलेले यंत्र लवकर बिघडते. बॅटरीची सोय, लोखंडी कपाट आणि रोजचा वापर, ही तरतूद खरेदीच्या यादीत पहिल्या दिवसापासून असावी.

पण घरी काहीच नसलेल्या मुलीचे काय? तिच्यासाठी दोन गोष्टी कराव्यात. शाळा सुटल्यावर ही खोली एक तास उघडी ठेवावी आणि आठवड्यातील निम्मे दिवस केवळ मुलींसाठी राखावेत. शिवाय दहा यंत्रे, ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे, नोंदवहीत सही घेऊन घरी न्यावयास द्यावीत. नोंद मुलीच्या नावाने व्हावी, म्हणजे घरात ते यंत्र कोणाचे, हा वाद उरणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही एक सांगणे आहे. यंत्रावर चित्रपट पाहता येतो, तसा मराठीत निबंध टंकित करता येतो, दुकानाचा जमाखर्च मांडता येतो, पृथ्वीचा नकाशा उलगडता येतो. यांतील काय करावयाचे हे यंत्र ठरवीत नाही. ते घरात आई-वडील, वर्गात गुरुजन आणि शेवटी तुम्ही स्वतः ठरविता.

पालकहो, लॅपटॉप जरूर घेऊ या. पण आधी शिकविणारा माणूस, मग दुरुस्तीची सोय आणि मग खरेदी, हा क्रम मोडू नये. घाम गाळून मिळविलेला पैसा आपले बांधव दूरदेशाहून पाठवितात. पाच वर्षांनी तो कपाटात धूळ खात पडलेला दिसू नये, याची जबाबदारी आपणा सर्वांची आहे.