आपले कुर्ले



परवा कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाला मी विचारले, "बेटा, राहतोस कुठे?" म्हणाला, "बी.के.सी.जवळ." पोरगा राहतो कुर्ला पश्चिमेला! वांद्रे-कुर्ला संकुलाच्या नावातला कुर्ला आपलाच आहे. मध्ये मिठी नदी आहे, एवढेच. मग नाव घ्यायची लाज कसली?

कुर्ल्या म्हणजे खेकडे, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. आम्हा कोकणी मंडळींना ते लगेच पटते! मुंबई हे बेट, आणि आपण खाडीपलीकडे साष्टीच्या टोकाला. शीवचा बांध १८०५ साली पुरा झाला तेव्हा दोन्ही बाजू रस्त्याने जोडल्या गेल्या. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली आगगाडी कुर्ल्यावरूनच गेली. आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी हिंदुस्थानातली पहिली विजेची गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून सुटली, ती कुठवर आली? कुर्ल्यापर्यंत! समोर बसलेल्या किती मुलांना हे ठाऊक होते?

पण कुर्ले घडवले ते कारखान्यांनी. १८८६ साली जमशेटजी टाटांनी इथली धरमसी मिल विकत घेऊन तिचे नाव 'स्वदेशी' ठेवले. ती सावरताना ते स्वतः पुरते अडचणीत आले होते. तरी गिरणी उभी राहिली. पुढे वालचंद हिराचंद यांची प्रीमियर कंपनी आली. मुंबईत वर्षानुवर्षे धावलेल्या काळ्या-पिवळ्या फियाट टॅक्सीचा जन्म इथला. त्यातली शेवटची टॅक्सी २०२३ साली रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी मोठे लेख लिहिले. ती जोडणाऱ्या हातांबद्दल मात्र फारसे कोणी लिहिले नाही.

हे हात कोकणातून, घाटावरून, उत्तर प्रदेशातून आले. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपले. बाप खात्यात असला की मुलाला बदलीत लावून घेत; म्हणून सातवी झाली की शाळा सुटे. त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे, कारण पगार खात्रीचा होता. १९८२ च्या संपाने ती खात्री मोडली आणि २००० साली स्वदेशीही बंद पडली. बापाच्या शब्दावर मिळणारी नोकरी गेली, पण सातवीनंतर शाळा सोडण्याची सवय काही घरांत अजून आहे. पालकहो, याचा विचार आज रात्री घरी करा. मुलींच्या बाबतीत तर दोनदा करा.

विद्यार्थ्यांना माझे एक काम आहे. आपापल्या दादा-नानांजवळ बसा. कोणत्या साली आले, कोणत्या खात्यात होते, पहिला पगार किती, सारे वहीत उतरवा. दादी-नानींनाही विचारा, त्या पगारात घर त्यांनीच चालवले. गिरणीचा बिल्ला, पगाराची चिठ्ठी, जुना फोटो घरात असेल तर जपून ठेवा. वह्या रमजान ईदनंतर आपल्या वर्गशिक्षकांकडे द्या. आणि वहीवर पत्ता लिहिताना कुर्ला असाच लिहा.