नाव कुणाचे, किल्ली कुणाकडे, हिशेब कोण पाहतो?

(मंडळाच्या हैदराबाद येथील वार्षिक सभेनंतर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आपल्या मंडळाचे संकेतस्थळ मध्यंतरी एकाएकी बंद पडले, हे बऱ्याच जणांना आठवत असेल. चौकशी केली तेव्हा कळले की त्याचे नाव मंडळाच्या नावावर नव्हतेच. ज्या गृहस्थांनी ते हौसेने करून दिले, त्यांच्या खाजगी खात्यावर ते होते. ते गाव सोडून गेले, फी भरायची राहिली, मुदत संपली आणि नाव परक्याच माणसाने घेतले. कुणी लबाडी केली असे मी म्हणत नाही. पावती कुणाच्या नावाने फाटते, हे आपणच कधी विचारले नाही.

हा प्रकार आपल्यासारख्या लहान मंडळापुरता मर्यादित नाही, हे सांगण्यासाठी आज मी उभा आहे. सबंध देशांच्या बाबतीतही असे घडले आहे.

इंटरनेटच्या पत्त्यात शेवटी दोन अक्षरे येतात. भारताचे डॉट इन, ब्रिटनचे डॉट यूके. या प्रत्येक शेपटामागे एक दप्तर असते. त्याला रजिस्ट्री म्हणतात. जुन्या काळी गावची जमीन कुणाच्या नावे आहे हे पटवाऱ्याच्या दप्तरात पाहत, तसेच हे. ही सारी दप्तरे ज्या मूळ यादीत नोंदलेली असतात, ती यादी सुरुवातीला अमेरिकेतील जॉन पोस्टेल हे संशोधक एका विद्यापीठाच्या संस्थेत बसून सांभाळत. १९९४ साली त्यांनी नियम लिहून काढले. त्यातली दोन तत्त्वे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. पहिले असे, की देश कोणता आणि कोणता नाही हे आपण ठरवायचे नाही. आयएसओ या प्रमाणसंस्थेच्या यादीत जी दोन अक्षरे असतील ती घ्यायची. दुसरे असे, की ज्याच्या हाती दप्तर दिले तो मालक नव्हे, विश्वस्त आहे. त्या देशातील लोकांची आणि जगभरच्या इंटरनेटची सेवा हे त्याचे कर्तव्य.

तत्त्व सुंदर आहे. पण विश्वस्ताने हिशेब कुणाला द्यायचा? भाडे कुणाच्या तिजोरीत जायचे? त्या वेळी यात पैसा नव्हता, म्हणून कुणी फारसे विचारले नाही. पैसा पुढे आला.

पॅसिफिक महासागरात तुवालू नावाचा नऊ बेटांचा देश आहे. लोकसंख्या सुमारे दहा-अकरा हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. त्याच्या वाट्याला अक्षरे आली टी आणि व्ही. दूरचित्रवाणीवाल्यांना याहून चांगले काय हवे? २००० च्या सुमारास तेथील सरकारने एका अमेरिकन कंपनीशी सुमारे ५ कोटी डॉलरचा करार केला. त्या पैशाच्या आधारावर सप्टेंबर २००० मध्ये तुवालू संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला. पुढे कंपन्या बदलल्या, अटी बदलल्या. पण करार सरकारच्या हाती होता, म्हणून मुदत संपल्यावर नवा सौदा करता आला. किल्ली परदेशी, पण भाडे घरी, असा हा प्रकार.

त्याच महासागरातील नियुए बेटाची गोष्ट उलटी आहे. वस्ती दोन हजारांच्याही आत. अक्षरे एन आणि यू. स्वीडिश भाषेत ‘नू’ म्हणजे ‘आता’, त्यामुळे स्वीडनमध्ये या नावांना मोठी मागणी आली. पण १९९७ साली हे दप्तर अमेरिकेतील एका खाजगी गटाकडे गेले होते. त्या गटाने बेटावर मोफत इंटरनेट दिले, हेही सांगितले पाहिजे. मात्र आपल्या रीतसर संमतीवाचून नाव गेले आणि उत्पन्नही गेले, अशी तेथील सरकारची तक्रार आहे. २०१३ मध्ये त्याचा कारभार स्वीडनच्या इंटरनेट प्रतिष्ठानाकडे गेला आणि २०१८ मध्ये नियुएने स्वीडनच्या न्यायालयात दावा लावला. आपलेच नाव परत मिळावे म्हणून परक्याच्या कोर्टाची पायरी चढावी लागली.

तिसरी गोष्ट चागोसची. हिंदी महासागरातील ही बेटे ब्रिटनने मॉरिशसपासून वेगळी काढली आणि दिएगो गार्सिया येथील अमेरिकन लष्करी तळासाठी १९६८ ते १९७३ या काळात तेथील सगळी वस्ती हलवली. माणसे मॉरिशस, सेशेल्स आणि पुढे ब्रिटनमध्ये विखुरली. बेटांवर स्थानिक माणूस उरला नाही, पण यादीत अक्षरे राहिली, आय आणि ओ. संगणकवाल्यांना ही अक्षरे फार आवडली आणि डॉट आयओ हा मोठा धंदा झाला. हे दप्तर एका ब्रिटिश कंपनीकडे होते. ती कंपनी २०१७ मध्ये दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. या उत्पन्नातून आपल्याला काही मिळत नाही, असे ब्रिटिश सरकारने २०१४ मध्येच सांगितले होते. हुसकावलेल्या चागोसवासीयांच्या संघटनेने २०२१ मध्ये आपला वाटा मागत तक्रार गुदरली.

२०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मॉरिशसच्या बाजूने अभिप्राय दिला आणि मे २०२५ मध्ये ब्रिटन व मॉरिशस यांनी सार्वभौमत्वाच्या हस्तांतरणाच्या करारावर सह्या केल्या. आता मौज अशी, की नकाशावरून तो ब्रिटिश प्रदेश गेला आणि आयएसओने अक्षरे काढली, तर २०२२ मध्ये मंजूर झालेल्या नियमाप्रमाणे पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत, ते शेपूट बंद करावे लागते. युगोस्लाव्हिया फुटल्यावर डॉट वाययू असेच २०१० मध्ये बंद झाले. म्हणजे ज्यांची बेटे, त्यांना आधी पैसा नाही, आणि उद्या कदाचित नावही नाही.

मंडळी, हे ऐकताना आपल्याला काही आठवते का? १९५६ मध्ये हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कन्नड जिल्हे म्हैसूरला, तेलंगण आंध्रला जोडले गेले. २०१४ मध्ये पुन्हा रेघ ओढली गेली. आपली घरे जागची हलली नाहीत, पण पत्त्यातले राज्य बदलत गेले. चागोसच्या लोकांचे दुःख आपल्यापेक्षा कितीतरी मोठे आहे, त्याची बरोबरी मी करत नाही. मात्र रेघ ओढणाऱ्या खोलीत आपले कुणी नसेल तर काय होते, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

मग ही खोली आहे कुठे? पोस्टेल १९९८ मध्ये वारले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात आयकॅन ही ना-नफा संस्था स्थापन झाली आणि मूळ यादी तिच्याकडे आली. अमेरिकन सरकारचा तिच्यावरील करार ३० सप्टेंबर २०१६ च्या मध्यरात्री संपला. त्यानंतरची तिची पहिली मोठी सभा कुठे झाली? आपल्या हैदराबादेत, ३ ते ९ नोव्हेंबर २०१६. आठ तारखेच्या रात्री नोटाबंदी जाहीर झाली आणि परदेशी पाहुण्यांच्या हातातल्या नोटा निरुपयोगी झाल्या, एवढेच आपल्या लक्षात राहिले. त्या सभेला कुणालाही मोफत बसता येत होते. आपल्यापैकी एकही गेला नाही. मीही गेलो नाही.

आयकॅनचा खर्च चालतो मुख्यतः डॉट कॉमसारख्या सर्वसाधारण नावांच्या फीवर. ती फी कराराने बांधलेली आहे. देशांची दप्तरे मात्र ऐच्छिक वर्गणी देतात, आणि एकूण जमेत ती अगदी थोडी असते. सुरुवातीच्या वर्षांत आयकॅनने देशांकडे वाटा मागितला तेव्हा पुष्कळांनी नकार दिला: आमच्या देशाचे नाव, तुम्ही आमच्यावर कर बसवणारे कोण? २००४ मध्ये या दप्तरांचे स्वतंत्र मंडळ आयकॅनमध्ये उभे राहिले, आणि २०१३ मध्ये ज्याच्याकडे जितकी नावे त्या पायरीने वर्गणी, असे त्यांनी आपसात ठरवले. सक्ती आजही नाही. यामुळे स्वातंत्र्य राहते हे खरे. पण जो देत नाही आणि जातही नाही, त्याचे कुणी ऐकत नाही, हेही खरे. वर्गणी न भरता सभेत तक्रार करणारे सभासद आपल्याही परिचयाचे आहेत.

नीट कारभाराचे उदाहरणही आहे. कॅरिबियनमधील अँग्विला या लहानशा बेटाकडे ए आणि आय ही अक्षरे आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आल्यावर २०२३ मध्ये त्या नावांतून सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर मिळाले, म्हणजे सरकारी महसुलाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक. नाव सरकारच्या हाती राहिले, म्हणून पैसा सरकारी खजिन्यात आला.

आपल्या देशाचे डॉट इन १९८९ पासून आहे. पूर्वी ते मुंबईच्या एका सरकारी संगणक संस्थेकडे होते, नियम कडक होते आणि नावे जेमतेम काही हजार नोंदली गेली. २००५ पासून ते निक्सी या ना-नफा कंपनीकडे आले, नोंदणी सर्वांना खुली झाली आणि आज नावे तीस लाखांच्या वर आहेत. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतले ‘डॉट भारत’ सुरू झाले. हिंदी, कोकणी, नेपाळी यांच्या जोडीला मराठीही त्यात आहे. तेलुगू, उर्दू, गुजराती लिपींतही अशी नावे भारताला मिळाली आहेत. ही व्यवस्था लिपी पाहते, राज्याची हद्द पाहत नाही. बेळगाव, बडोदे, इंदूर, हैदराबाद, कुठल्याही मराठी संस्थेला आपले नाव आपल्या अक्षरांत घेता येते. देवनागरी पत्त्यावर ईमेल सगळीकडे चालत नाही, ही अडचण आहे. पण वापरणारेच नसतील तर ती दूर करण्याची घाई कुणाला असणार?

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. एक, मंडळाचे नवे नाव मंडळाच्याच नावे, मंडळाच्या खात्यातून फी भरून घ्यावे, आणि मुदतीची तारीख इतिवृत्तात लिहावी. दोन, सोबत देवनागरी नावही घ्यावे. तीन, डॉट इन आणि डॉट भारतबद्दल सरकार वा निक्सी सूचना मागवतील तेव्हा मंडळाने लेखी उत्तर पाठवावे. एखाद्या तरुण सभासदाकडे हे काम सोपवावे आणि वर्षातून एकदा त्याच्याकडून या व्यासपीठावर अहवाल घ्यावा.

नाव कुणाचे, किल्ली कुणाकडे, हिशेब कोण पाहतो? नियुएच्या लोकांना हे प्रश्न उशिरा विचारावे लागले. आपण ते याच सभेत विचारू. ठराव मांडण्याची परवानगी अध्यक्षांनी द्यावी, अशी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.