आकाशाचा कायदा नि गावचे छप्पर



ड्रोनचा कायदा गावाने करावा काय, हा प्रश्न आज आम्ही घेतला आहे. बुलढाणा जिल्ह्यात हे यंत्र कपाशीवर फवारणी करते नि वरातीवरही घिरट्या घालते. घटनेचे उत्तर सरळ आहे. विमाने नि हवाई वाहतूक हा विषय संघसूचीत २९ वा. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत विषयही २९च, पण त्यांत आकाश नाही! गावोगाव निराळा कायदा झाला, तर चिखलीत चालणारे यंत्र मेहकरात गुन्हा ठरेल. हे आम्हांस मान्य नाही.

पण अंगणात न्हाणाऱ्या लेकीबाळींची लाज दिल्लीस कशी दिसावी? फवारणीची कार्यपद्धती केंद्राने २०२१ साली घालून दिली. वारा कोणत्या विहिरीकडे वळतो, हे मात्र गावालाच ठाऊक. त्याच वर्षीच्या ड्रोन नियमांत तातडीच्या बंदीची सोय आहे, तीही एका वेळी ९६ तासांपुरती, नि ती घालणारा अधिकारी पोलीस अधीक्षकाच्या दर्जाखालचा चालत नाही. सरपंचाने तोवर आभाळाकडे पाहत बसावे काय?

कायदा एकच असो. परंतु वस्तीवरून उडण्याची वेळ नि फवारणीचे अंतर यांबाबत ग्रामसभेचा शब्द बंधनकारक करणारे कलम त्यात हवे. तशी मागणी करणारा ठराव येत्या ग्रामसभेत मांडता येईल.