काय बे, कुणाला म्हणालास?

महाराष्ट्र मंडळ रायपूरच्या चौबे कॉलोनीतच असल्यामुळे इथे मराठीत बोलायला संकोच वाटत नाही. पण विषय शिव्यांचा आहे म्हटल्यावर आयोजकांनी दोनदा विचारलं, 'नक्की ना?' नक्की. उदाहरणं मवाळ घेतो, मुलाबाळांना बाहेर पाठवू नका.

भोसल्यांच्या काळापासून नागपूर आणि छत्तीसगड यांचं येणंजाणं आहे. त्यामुळे आपल्या घराघरांत नागपूरचे भाचे असतात, आणि हल्ली पुण्याच्या सुनाही. सगळे एका व्हॉट्सॲप ग्रुपवर. नागपूरचा भाचा इथल्या मामेभावाला वाढदिवसाला लिहितो, 'काय बे येड्या, म्हातारा झाला ना!' मामेभाऊ खदखदून हसणारे चार चेहरे पाठवतो. आपल्या कानांना त्यात काहीच खटकत नाही. 'अबे' तर गोलबाजारात दिवसभर ऐकू येतं. पण त्याच ग्रुपवर पुण्याचे व्याही आहेत. ते वाचतात, काही लिहीत नाहीत. रात्री मुलीला फोन येतो: 'तुझ्या सासरची माणसं एकमेकांशी अशी बोलतात?'

बघा, ज्याने शिवी दिली तो खूश, ज्याला दिली तोही खूश. दुखावला तो तिसराच. मोबाइलवरच्या अशा कितीतरी भांडणांचं मूळ मला या तिसऱ्यात दिसतं. आपण मात्र दोघांपैकी कोण चुकलं तेच शोधत बसतो.

याच्या उलट उदाहरण घ्या. सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात, सुखेड आणि बोरी अशी दोन गावं आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर जमतात. हलगी कडाडते आणि हातवारे करत एकमेकींना शिव्यांची लाखोली सुरू होते. बोरीचा बार म्हणतात त्याला. एरवी ज्या तोंडातून ब्र निघायचा नाही, तिथून असे शब्द निघतात की मी ते या व्यासपीठावरून उच्चारणार नाही. त्यावरून वैर धरून मात्र कुणी बसत नाही. दिवस ठरलेला, काठ ठरलेला; आणि बघायला आलेल्यालाही ठाऊक असतं की आपण काय ऐकायला आलोय. तिथे तिसरा माणूस अनभिज्ञ नसतो. आपल्या शिमग्याचंही तेच. रॅडक्लिफ-ब्राऊन या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० साली थट्टेच्या नात्यांवर निबंध लिहिला. काही नात्यांत चिडवण्याची मुभा असते आणि समोरच्याने रागवायचं नसतं, हे त्याने मांडलं. दीर-भावजयीच्या घरात वाढलेल्यांना ते सांगायला इंग्रज कशाला हवा, हा भाग वेगळा.

व्हॉट्सॲपवर ना काठ, ना हलगी. आवाजाचा हेलही नाही. मानसशास्त्रज्ञ क्रूगर, एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली अमेरिकेत ईमेलवर प्रयोग केले. आपला टोमणा समोरच्याला कळेलच, अशी लिहिणाऱ्यांची खात्री होती. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांचा अंदाज नाणं उडवल्यापेक्षा फारसा बरा ठरला नाही.

कायदा निदान हेतू तरी विचारतो. भारतीय न्याय संहितेच्या ३५२ कलमात नुसता अपमान पुरत नाही. तो जाणूनबुजून केलेला हवा, आणि समोरचा भडकून शांतता मोडेल हा हेतू किंवा ही जाणीवही हवी. ग्रुपवर एवढी चौकशी कोण करतो? तिथे माणूस थेट ग्रुप सोडून जातो.

मग ॲडमिन फतवा काढतो: अपशब्द वापरू नयेत. ठीक आहे, पण यादी कोण करणार? पुणेकराने केली तर 'बे' पहिल्या झटक्यात जाईल आणि त्याच्या मागोमाग निम्मं नागपूर ग्रुप सोडेल. नागपूरकराने केली तर पुणेकरांचं ते 'आपण जरा शांतपणे विचार करावा, ही विनंती' यादीत घालावं लागेल. मला विचाराल तर आज घेतलेल्या सगळ्या उदाहरणांत झोंबणारी शिवी तीच.